उसना नवरा

दवाखान्याच्या भिंतीवर कुठे लिहिलेलं नव्हतं, तरी इगालूला नावाच्या गावातल्या प्रत्येक गरोदर बाईला तो नियम पाठ होता. नवरा बरोबर असेल तर नंबर आधी. नवरा बाहेरगावी असेल तर गावच्या चिटणिसाची तशी चिठ्ठी आणा. चिठ्ठीही नसेल तर बाकाच्या शेवटच्या टोकाला बसा आणि देवाचं नाव घ्या. नियम चांगल्या हेतूने केला होता म्हणे. नवऱ्यांनीही तपासणीला यावं, रक्त तपासून घ्यावं, जरा जबाबदारी घ्यावी. पण नियम करणारा कधी पोटुशी राहिलेला नसतो, आणि त्याचा नवरा मासळीमागे बेटावर गेलेला नसतो. त्याला नियम करायला काय जातं?

लिमीच्या नवऱ्याचं नाव मदुहू. तोही बेटावर होता. अंधाऱ्या रात्री बोटी दिवे घेऊन सरोवरात जातात, दिव्याभोवती डागा मासळी जमते, बोटाएवढी, चंदेरी, आणि मग जाळं ओढायचं. चंद्र भरत आला की मासळी दिव्याला विचारत नाही. मग बोटी घरी येतात आणि बोटींबरोबर नवरेही. त्यामुळे इथल्या बायका आभाळाकडे बघून ठरवतात, उगालीसाठी, म्हणजे रोजच्या घट्ट पिठल्या भातासाठी नव्हे तर मक्याच्या उकडीसाठी, पीठ किती काढायचं.

लिमी एकोणीस वर्षांची. पाचवा महिना. दवाखान्यात दोनदा जाऊन आली होती. पहिल्यांदा तिचा नंबर येईपर्यंत रक्त तपासायच्या काड्या संपल्या. दुसऱ्यांदा ती चिठ्ठी मागायला चिटणिसाकडे गेली, तर चिटणीस कुणाच्या तरी मयताला गेलेला, आणि त्या मयतावरून तो दुसऱ्या मयताला गेला. दोन्ही वेळा ती उन्हातून चालत परत आली, आणि घरी आल्यावर तिला बसवेना. अंगण झाडलेलं असलं तरी पुन्हा झाडायची. कारण मागच्या कापसाच्या हंगामात तिला सातव्या महिन्यात मूल झालं होतं ते गेलेलंच. त्याच्या अंगाची कातडी सोलवटलेली होती. मुलगा होता. घरामागे शेराच्या कुंपणालगत त्याला ठेवलं होतं, आणि झाडताना तिचा खराटा तिथपर्यंत जाऊन थांबायचा.

घरच्यांनी तेव्हा वैदूला बोलावलं. त्याने कोंबडीची आतडी बघून सांगितलं, माहेरच्या कुणीतरी बाईने नजर लावली. झालं. लिमीच्या आत्याचं या घरात येणं बंद झालं.

तिसऱ्यांदा निघाली तेव्हा रस्त्यात सिट्टा भेटला. मोटारसायकलवर माणसं वाहून नेणारा, मदुहूचा लहानपणापासूनचा मित्र, जिभेला हाड नसलेला.

"वहिनी, तोंड असं का? उगाली करपली?"

"दवाखान्यात जायचंय, भावजी. परत शेवटी बसवतील."

"हात्तिच्या! मी बसतो की नवरा म्हणून. गेल्या हंगामात दोघींचा झालोय. मान खाली घालायची, हं हं करायचं, बाहेर यायचं. खऱ्या नवऱ्याला तरी याहून जास्त काय काम असतं?"

लिमी हसली. हसताना तिला वाटलंही, की हे बरं नाही. पण पोट वाढत होतं, आणि पोट चिटणिसासाठी थांबत नाही. ती मागे बसली.

सिस्टर कोकू दवाखान्यात नवीन होती, सरोवराच्या पलीकडून बदलून आलेली, आवाजाने पत्रा हलवणारी. आदल्याच आठवड्यात तिने एका भाडोत्री नवऱ्याला पकडलं होतं. बायकोचं नाव काय, असं विचारल्यावर तो गडी बाहेर बाकाकडे बघायला लागला. सिस्टरने त्याला सगळ्यांसमोर हाकलला आणि त्या बाईला अशी काही झापली की बिचारी परत आलीच नाही. म्हणून लिमीने सिट्टाला दारातच बजावलं, "माझं नाव सांगताना अडखळू नका. आणि तुमचं नाव मदुहू, लक्षात ठेवा."

"मदुहू तर मदुहू. त्याच्यापेक्षा मी दिसायला बरा आहे, एवढं फक्त सिस्टरने ओळखू नये."

नंबर लगेच लागला. आत गेल्यावर सिस्टरने आधी लिमीच्या बोटाला सुई टोचली, आणि मग म्हणाली, "हं, बाबा, तुझं बोट."

हे सिट्टाच्या हिशोबात नव्हतं. जुनी नर्स नवऱ्यांना फक्त बसवून ठेवायची. पण आता उठून जाणार कुठे? त्याने बोट पुढे केलं आणि डोळे मिटले. दोन काड्यांवर दोन थेंब पडले. सगळे वाट बघत बसले.

लिमीच्या काडीवर एक रेघ उमटली, मग तिच्याखाली दुसरी. सिट्टाच्या काडीवर एकच.

सिस्टरने दार लोटलं. आता तिचा आवाज पत्र्यापर्यंत जात नव्हता. "पोरी, मोठ्या आजाराची, एड्सची, रेघ नाही, ते बरं आहे. पण ही दुसरी रेघ गरमीची. शेजेतून येणारा आजार. बाईला कळतही नाही, दुखत नाही, खुपत नाही, आणि पोटातल्या मुलाला आतल्या आत खातो. आधी एखादं मूल गेलंय?"

लिमीने मान हलवली.

"कसं होतं?"

 लिमीने नुसता स्वतःच्या दंडावरून हात फिरवला, कातडी सोलतात तसा. सिस्टरला कळलं.

"नजर नाही, काही नाही. हेच होतं ते. आता नीट ऐक. याला औषध आहे. दर आठवड्याला एक, अशा तीन वेळा सुया घ्यायच्या, तर हे मूल वाचेल. पण नवऱ्यालाही घ्यावी लागेल. नाहीतर इकडे मी तुला धुवून काढीन आणि तिकडे हा तुला परत देईल. तण शेजाऱ्याच्या वावरात ठेवून आपलं वावर किती निंदायचं?" मग ती सिट्टाकडे वळली. "तुझ्या रक्तात दिसत नाही. कधी कधी लपतं. हिच्याबरोबर झोपतोस ना? मग तूही घे. पँट खाली कर."

सिट्टाने लिमीकडे पाहिलं. लिमीने सिट्टाकडे पाहिलं. खरं बोलण्याची वेळ ती होती. एकाने जरी तोंड उघडलं असतं तरी ही गोष्ट इथेच संपली असती. पण बाहेर बाकावर अर्धं गाव बसलेलं, आणि हाकललेल्या बाईचं तोंड लिमीच्या डोळ्यांसमोर. आणि सुई तिला मिळायची होती. आत्ता, याच खोलीत. ती हातची गेली तर? ती गप्प राहिली. सिट्टाही गप्प राहिला, आणि हे मात्र त्याच्या नावावर पुण्य म्हणून लिहून ठेवलं पाहिजे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्याशाने स्वतः पँट सोडली.

ती सुई साधी नसते. औषध घट्ट असतं, कुल्ल्यात जाताना गोटा शिरल्यासारखं जातं. सिट्टा ओरडला नाही, पण बाहेर आला तेव्हा एका बाजूला कलून चालत होता. बाकावरच्या बायका टकामका बघत राहिल्या.

परतताना तो मोटारसायकल उभ्यानेच चालवत होता.

"वहिनी," तो खड्ड्यांवरून ओरडला, "मदुहूला सांगा, नवरेपणातला दुखरा भाग मी उरकला. उरलेला त्याचा त्याने बघावा."

लिमी हसली नाही. तिला कळून चुकलं होतं. औषध गावात आलं, सुईत भरलं गेलं, आणि चुकीच्या माणसाच्या अंगात गेलं. ज्याला हवं होतं तो बेटावर जाळी ओढत होता. आणि आभाळात, भर दुपारी, नखाएवढा चंद्र दिसत होता.

त्या दिवसापासून तिला चंद्राचा धसका बसला. एरवी ती त्याची वाट बघायची. आता तो रोज थोडा फुगायचा. ती कामं उकरून काढायची. वाळत घातलेले रताळ्याचे काप उलटायची, पुन्हा सुलटे करायची. पाण्याला एकदा जायचं तर तीनदा जायची. सासूला सगळे मायू म्हणत, लिमीही म्हणायची. मायू ओट्यावरून बघत होती.

"पोरी, बूड टेकव जरा. तुला काय मुंग्या चावतात?"

"काही नाही, मायू."

"काही नाही म्हणणाऱ्या बाईचंच काहीतरी असतं."

सांगावं का? काय सांगायचं? तुमच्या मुलाने मला आजार दिला, तुमचा नातू त्याने गेला? मदुहूला दीड वर्षापूर्वी नको त्या जागी एक फोड आला होता. दुखत नव्हता. त्याने मिठाच्या पाण्याने धुतला, कुठल्याशा झाडाची साल बांधली, आणि फोड गेला तेव्हा सालीची तारीफ केली. लिमीने तेव्हा विचारलं नव्हतं की फोड आला कुठून. बेटावरच्या तळावर मासळी वाळवायला बायका असतात, पोरी असतात, हे कुणाला ठाऊक नाही? सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी विचारत नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

दुसऱ्या सुईला ती एकटी गेली, ठरवून, की आज सिस्टरला खरं सांगायचंच. सिस्टर औषध हलवत होती.

"नवरा बरा आहे ना? दुखलं का फार?"

"सिस्टर, तो..."

"सगळे नवरे असेच. पोरं तुम्ही काढायची आणि एका सुईने हे आडवे. पण हा आला तरी. असा नवरा मिळायला नशीब लागतं हो."

लिमीचं तोंड उघडलं होतं ते मिटलं. सिस्टर तिच्याकडे पहिल्यांदाच हसून बघत होती. सुई घेऊन ती बाहेर पडली, दवाखान्याच्या मागे गेली आणि तिने स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. चंद्र अर्धा झाला होता.

आता सिट्टाच्या घरी काय झालं ते. सिट्टाची बायको क्वांडू. नवरा पालथा झोपतोय, हे तिने पहिल्याच दिवशी पाहिलं. तो म्हणाला, खिळा लागला, धनुर्वाताची सुई घेतली. क्वांडूने पायाचे दोन्ही तळवे बघितले. खिळा काही सापडेना. मग बाजारात बाकावरची एक बाई तिला भेटली, आणि पुढचं सांगायला नको. लिमी पाण्याला गेली तेव्हा नळावरच्या सगळ्या बादल्या एकदम गप्प झाल्या.

"ये बाई, ये," क्वांडू म्हणाली. "माझा नवरा वापरून झाला की धुवून परत देतेस, का तसाच?"

"क्वांडूताई, तसं नाही. ते फक्त नंबरासाठी..."

"नंबर लागला ना? पोटात लागला तो नंबर कुणाचा, ते पण सांग. सुई काय शेजारधर्म म्हणून टोचतात? ज्याला खाज त्यालाच मलम!"

बायका हसल्या. लिमीने अर्धी बादली तशीच उचलली. रस्ताभर पाणी हिंदकळत पायावर सांडत होतं आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. क्वांडूचं बोलणं खोटं होतं, पण बिनतोड होतं. ज्याने सुई घेतली तोच आजाराचा धनी, हे पोरालाही पटेल. आणि मदुहू तर मच्छीमार. त्याला सरोवराची खोली कळते, यातली कशी कळणार?

चंद्र भरत आला आणि मदुहू आला, दुपारी, खांद्यावर डागाची गोणी घेऊन. पण बातमी त्याच्याआधी धक्क्यावर जाऊन उभी राहिली होती. त्याने गोणी अंगणात आपटली. मासळीचा वास उडाला. लिमी पाणी घेऊन पुढे झाली, तर त्याने तांब्या घेतला नाही.

"सिट्टा कुठाय?"

"आधी माझं ऐक..."

"मी सिट्टा कुठाय विचारलं!"

सिट्टा स्वतःच आला. मोटारसायकल कुंपणाबाहेर लावून, टोपी हातात घेऊन. त्याच्यामागे गावातले चारपाच जण, ज्यांना तिथे काही काम नव्हतं.

"मदुहू, भावा, मी उपकार करायला गेलो..."

"उपकार! माझ्या बायकोशेजारी नवरा म्हणून बसलास, माझं नाव लावलंस, आणि तिच्या आजाराची सुई घेतलीस. मी इथे नव्हतोच. मी पाण्यावर होतो. मग आजार आला कुठून? माशांनी आणला?"

"माझं रक्त स्वच्छ निघालं रे! सिस्टरने सांगितलं!"

"स्वच्छ माणूस सुई घेतो? मला खुळा समजतोस?"

तो सिट्टाच्या अंगावर धावला. दोघे मासळीच्या गोणीवर पडले आणि चंदेरी डागा अंगणभर झाली. मायू काठी घेऊन उठली, तेव्हा कुठे ते सुटे झाले. मदुहूच्या ओठातून रक्त येत होतं. तो लिमीकडे वळला.

"बांध गाठोडं. बापाच्या घरी जा. लग्नात त्याला दिलेल्या गाई मी परत आणीन. आणि पोटातलं ज्याचं त्याला नेऊन दे."

लिमीला इतके दिवस बसवत नव्हतं, की राहवत नव्हतं, की झोपवत नव्हतं. आता एकदम सगळं थांबलं. तिला भीती होती ते सगळं होऊन चुकलं होतं. नवरा जात होता, घर जात होतं, अब्रू तर नळावरच गेली होती. उरलं होतं फक्त पोटातलं. तेवढं तिला जाऊ द्यायचं नव्हतं. बाकीच्याचं काय व्हायचं ते होवो.

"जाते," ती म्हणाली. "पण आधी दवाखान्यात चल. बोट पुढे कर. तुझं रक्त स्वच्छ निघालं तर मी तिथूनच बापाकडे जाते, गाठोडं पण नको. गाई न्यायला ये, मी स्वतः दावं सोडून देईन."

"मला काय झालंय? हे बघ, हे हात! बोटीवर माझ्याएवढं जाळं कुणी ओढत नाही!"

"मग घाबरतोस कशाला?"

चारपाच जणांपैकी कुणीतरी खुदकन हसलं. मदुहूचं तोंड लाल झालं. तो काही बोलणार, तेवढ्यात मायू बोलली.

"जा."

"आई, तू पण?"

"जा म्हणते ना. त्या लेकराला मी माझ्या हातांनी मातीत ठेवलं. माझ्या बोटांना त्याची कातडी चिकटली होती. नजर लागली म्हणाले, मी मानलं. हिच्या आत्याला दारातून परत पाठवलं. आता ही म्हणते रक्तात दिसतं. मला बघायचंय." तिने काठी जमिनीवर आपटली. "तुझं स्वच्छ असेल तर मीच हिला काढीन. उठ."

दवाखाना लांब, आणि गावात त्या वेळी मोटारसायकल एकच. ती सिट्टाची. त्यामुळे ज्यांनी नुकतीच एकमेकांची टाळकी फोडली होती ते दोघे एकाच गाडीवर बसले, पुढे उसना, मागे खरा, आणि मध्ये लिमी पोट सांभाळत.  मदुहूच्या छातीला तिची पाठ लागत होती. छाती गरम होती, मासळीचा आणि धुराचा तोच वास, आणि तिला एका बाजूने रडू येत होतं आणि दुसऱ्या बाजूने एकच विचार टोचत होता. सिस्टर म्हणाली होती, कधी कधी लपतं. याचंही लपलं तर? फोड दीड वर्षापूर्वी गेला. एकच रेघ आली तर? तिने स्वतःच्या तोंडाने शब्द दिला होता, चारचौघांत. तिला वाटलं, सिट्टाला सांगावं गाडी वळव. पण गाडी धावत होती आणि दवाखान्याचा पत्रा दिसायला लागला होता.

सिस्टर कोकू आवरत होती. लिमी आत गेली, ती सरळ बोलली. मध्ये थांबली असती तर पुन्हा गप्प झाली असती.

"सिस्टर, त्या दिवशी आला तो माझा नवरा नव्हता. तो नंबरासाठी आला होता. सुई चुकीच्या माणसाने घेतली. हा माझा नवरा. याला तपासा."

सिस्टरने दारातल्या सिट्टाकडे पाहिलं, मग मदुहूच्या फुटलेल्या ओठाकडे.

"म्हणजे माझं औषध..." तिचा आवाज पत्र्याला जाऊन लागला. "एक एक बाटली मी कशी जपते ठाऊक आहे? दोन आठवडे तू माझ्यासमोर बसलीस, सुई घेतलीस, आणि तोंड शिवलं होतं का?"

"शिवलं होतं," लिमी म्हणाली. "खरं बोलले असते तर तुम्ही बाकाच्या टोकाला बसवलं असतं. दोनदा बसले होते. तेव्हा काड्या संपल्या."

सिस्टरने कपाट उघडलं. तिने नवी काडी काढली. मदुहूने बोट पुढे केलं, छाती काढून, जणू सगळ्यांना दाखवायचंच होतं. थेंब पडला.

मग वाट बघणं आलं. लिमी खिडकीशी गेली, परत आली. टेबलाला धरलं, सोडलं. बाहेर शेळ्या गवत उपटत होत्या, त्याचा आवाज येत होता. पहिली रेघ आली. ती सगळ्यांनाच येते. तिच्याखालची जागा पांढरी होती. पांढरीच राहिली. मदुहू म्हणाला, "बघ. मी म्हटलं होतं."  लिमीने मनातल्या मनात शेराच्या कुंपणालगतच्या पोराला हाक मारली, नाव न ठेवलेल्या पोराला, की बाबा, तुझ्यासाठी नाही तर याच्यासाठी तरी.

"थांब," सिस्टर म्हणाली. "चोराच्या मनात चांदणं असतं. घाई कसली करतोस?"

आणि मग तिथे एक फिकट सावली आली. आधी वाटलं डोळ्यांचा भास. मग ती गुलाबी झाली, मग लाल, मग दोन रेघा एकीखाली एक अशा स्पष्ट दिसायला लागल्या की सिट्टाला दारातूनही दिसल्या. त्याने टोपी डोक्यावर घातली आणि बाहेर गाडीशी जाऊन उभा राहिला. त्याला हसता आलं असतं. तो हसला नाही.

मदुहू काडीकडे बघत होता. त्याने ती उचलली, उजेडात धरली, उलटी केली.

"ही सिट्टाची असेल."

"तुझ्या बोटातून अजून रक्त येतंय," सिस्टर म्हणाली.

त्याने बोटाकडे पाहिलं. जाळं ओढून ओढून घट्टे पडलेला तो हात, आणि त्यावर एक लहानसा लाल थेंब. लिमीला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की तो आता कुठे पोचलाय. तो फोड, ती साल. आणि मग सातवा महिना, आणि मायूच्या बोटांना चिकटलेलं. तो एवढा मोठा माणूस, स्टुलावर बसताना त्याने आधाराला भिंत धरली. लिमीला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा राग आला. हा राग ती बरीच वर्षं बाळगणार होती.

सिस्टरने आधी लिमीला तिसरी सुई दिली. मग त्याला. तो ओरडला नाही, हूं की चूं केलं नाही. भिंतीकडे तोंड करून पँट वर केली आणि तसाच उभा राहिला, पाठ करून.

"झालं. जा आता," सिस्टर म्हणाली.

तो हलला नाही.

"सिस्टर."

"काय?"

"यातली एक बाटली बरोबर देता? मला बेटावर न्यायची आहे."

सिस्टरचे हात थांबले. "कुणासाठी?"

मदुहूने भिंतीकडे बघतच उत्तर दिलं. "तिलाही चौथा महिना लागलाय."

 लिमीला हे ठाऊक होतं. नाव नव्हतं, तोंड नव्हतं, पण ठाऊक होतं, जसं सगळ्यांना असतं. तरी ठाऊक असणं वेगळं आणि नवऱ्याच्या तोंडून, त्याच्या पाठीकडून ऐकणं वेगळं. तिच्या हाताशी टेबल होतं, टेबलावर ट्रे होता, आणि तिला तो ट्रे त्याच्या डोक्यात घालायचा होता. बेटावरची ती पोरगी मासळी वाळवत असेल आत्ता, ओणवी होऊन, पोट सांभाळत. मरू दे तिला, लिमीच्या मनात आलं. आणि लगेच तिच्या मनात सोलवटलेली कातडी आली, आणि पुढच्या चंद्राला परत येणारा नवरा आला, आणि शेजाऱ्याच्या वावरातलं तण आलं. दया होती का ती? थोडी असेल. बाकी सगळी स्वतःच्या पोटाची काळजी.

सिस्टर बोलणार होती, पण लिमीच आधी बोलली.

"बाटली नेता येत नाही. तिला इथे आण. तिचंही रक्त तपासावं लागेल, तिलाही तीन सुया."

तो वळला. "इथे? गावात? लोक काय..."

"तू स्वतः घेऊन ये," लिमी म्हणाली. "नवरा बरोबर असला की नंबर आधी लागतो."